पन्नाशीनंतर मैदानाकडे

२ जून २०१८ रोजी भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार सुनील छेत्री याने समाजमाध्यमावर एक छोटी चित्रफीत टाकली. आदल्याच दिवशी अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले होते. त्यातले तीन गोल छेत्रीचे होते, आणि ते पाहायला जेमतेम अडीच हजार माणसे आली होती. आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, अशा अर्थाची त्याची विनवणी होती. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. लोकांनी पावसात सामना पाहिला. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि भारताने तो ३-० असा जिंकला.

छेत्रीच्या मनात बहुधा तरुण प्रेक्षक असतील. मला मात्र हीच विनवणी पन्नाशी-साठीतल्या मंडळींना करावीशी वाटते. कारण खेळाचे नाही, आरोग्याचे आहे.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात या वयाची माणसे मोठ्या संख्येने येतात. रक्तदाब, मधुमेह, गुडघे ही नेहमीची कारणे असतात. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या की पुष्कळांचा पाय खोलीतून निघत नाही. ‘दिवसभर काय करता?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘काही नाही, टीव्ही.’ मुले ठाण्याला, पुण्याला किंवा परदेशात असतात. चाळीची जागा टॉवरने घेतलेली असते. चाळीच्या गॅलरीत आपोआप होणाऱ्या गप्पा बंद दाराच्या फ्लॅटमध्ये होत नाहीत. निवृत्तीनंतर कचेरीची माणसे तुटतात आणि लोकलच्या डब्यातला रोजचा ग्रुपही सुटतो.

एकटेपणा ही नुसती मनाची तक्रार राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रस्त आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यासांची आणि ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त दिसली. मात्र ‘माणसांत मिसळा’ असे सांगणे सोपे आणि मिसळणे कठीण असते. साठीच्या माणसाने अनोळखी लोकांशी बोलायला सुरुवात करायची तर त्याला काहीतरी निमित्त लागते. एखाद्या संघाचा चाहता होणे हे तसे निमित्त आहे.

आठव्या वर्षी की बावन्नाव्या?

चाहता लहानपणीच घडतो, असा समज आहे आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेतील संशोधक सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरील माहितीतून बेसबॉल संघांचे चाहते कोणत्या वर्षी जन्मले ते तपासले. न्यूयॉर्कचा ‘मेट्स’ हा संघ १९६९ आणि १९८६ मध्ये विजेता ठरला होता. त्या वर्षांत जी मुले आठ वर्षांच्या आसपास होती, तीच पुढे मोठेपणी मेट्सची चाहती म्हणून अधिक संख्येने आढळली. आपल्याकडेही १९८३ चा विश्वचषक शाळकरी वयात पाहिलेली पिढी क्रिकेटला आजही बांधलेली आहे. विशेष म्हणजे त्याच पाहणीत स्त्रियांचे चित्र वेगळे होते. त्यांच्या बाबतीत बालपणाचा प्रभाव इतका ठळक नव्हता, मोठेपणीची वर्षेही महत्त्वाची होती.

माझ्यापुरते सांगायचे तर ऑफसाइड म्हणजे काय हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळले. भाचा हट्टाने अंधेरीला सामन्याला घेऊन गेला. तो खाण्याच्या रांगेत उभा असताना शेजारच्या खुर्चीवरच्या कॉलेजच्या मुलाने ‘काकू, आता लाइन्समनकडे बघा’ म्हणत मला तो नियम समजावला. पुढच्या सामन्याला मी स्वतःहून गेले. त्यानंतर दर हंगामात चार-पाच सामने होतात. मुंबई सिटी एफसी हा संघ २०१४ मध्ये स्थापन झाला. पहिले दोन हंगाम तो नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळला आणि २०१६ पासून अंधेरीत आला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या आझाद नगर स्थानकावरून संकुल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मैदान लहान, सहा-सात हजार प्रेक्षकांचे. त्यामुळे खेळाडूंच्या एकमेकांना मारलेल्या हाकासुद्धा ऐकू येतात.

अभ्यास काय सांगतात?

सामना पाहण्याचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंध जपानमध्ये बराच तपासला गेला आहे. तिथे समाज वेगाने म्हातारा होत आहे आणि बेसबॉलचे वेड आपल्या क्रिकेटसारखे आहे. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत २० हजारांहून अधिक ज्येष्ठांना खेळ पाहण्याच्या सवयीबद्दल आणि नैराश्याच्या लक्षणांबद्दल विचारले गेले. जे वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष मैदानावर जात, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी आढळली. टीव्हीवर नियमित सामने पाहणाऱ्यांतही फरक दिसला, पण तो कमी होता. जपानमध्येच ज्येष्ठांना व्यावसायिक बेसबॉलच्या सामन्यांना नेऊन त्यांची मनःस्थिती आधी आणि नंतर मोजण्याचे छोटे प्रयोगही झाले. त्यातही सामन्यानंतर आनंदाची भावना वाढलेली दिसली.

इंग्लंडमध्ये १६ ते ८५ वयोगटातील ७,२०९ लोकांच्या माहितीचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सामन्यांना प्रत्यक्ष हजर राहणाऱ्यांत आयुष्याबद्दलचे समाधान जास्त आणि एकटेपणा कमी होता. ‘माझ्या जगण्याला अर्थ आहे’ या भावनेत दिसलेली वाढ नोकरी मिळाल्यावर होणाऱ्या वाढीइतकी होती, असे संशोधकांनी म्हटले आहे. त्यात फक्त मोठ्या स्पर्धा नव्हत्या, गावातल्या हौशी सामन्यांचाही समावेश होता.

या आकड्यांकडे सावधपणे पाहायला हवे. जपानची मोठी पाहणी आणि इंग्लंडचे विश्लेषण हे दोन्ही एका वेळचे चित्र दाखवतात. जो मुळात उत्साही आहे, ज्याचे गुडघे चालतात आणि खिशात तिकिटापुरते पैसे आहेत, तोच मैदानावर जातो, अशीही शक्यता आहे. संशोधक गणिताने अशा गोष्टींचा परिणाम वजा करतात, तरी तो पूर्ण वजा होत नाही. म्हणून ‘सामना पाहा, नैराश्य बरे होईल’ असे मी म्हणणार नाही. ज्याला नैराश्याचा आजार आहे, त्याला उपचारच लागतात. परंतु ज्या गोष्टीने फायदा संभवतो आणि थोडी काळजी घेतल्यास तोटा नाही, ती सुचवायला डॉक्टरने कचरू नये.

फायदा कशातून होत असावा याचा अंदाज करता येतो. सामन्याच्या दिवशी घराबाहेर पडावे लागते. जिने, पूल, फलाट, मेट्रो, प्रवेशद्वाराची रांग यांत चालणे आपोआप होते. पुढच्या आठवड्याची एक तारीख डोळ्यांसमोर असते, आणि निवृत्त माणसाला अशा तारखांची फार गरज असते. नवा खेळ शिकताना मेंदूला काम मिळते. नियम, नावे, कोण कुठे खेळतो, चेंडू आता कुठे जाईल हे सगळे पकडत राहावे लागते. याने स्मृतिभ्रंश टळतो असा पुरावा नाही, पण त्याच त्या मालिका पाहण्यापेक्षा हे नक्कीच जास्त जागे ठेवणारे आहे.

‘आपण’ या शब्दाचे औषध

सर्वांत मोठा भाग मला ‘आपण’ या शब्दाचा वाटतो. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, तर सोमवारी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालणारे विद्यार्थी वाढत. फोनवर सामन्याबद्दल विचारले, तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’ असे बोलण्याकडे कल होता. आपल्याकडे नाक्यावर क्रिकेटचे बोलणे ऐकले तर वेगळे काही सापडणार नाही.

अमेरिकेतील केंटकी राज्यात मरे विद्यापीठात शिकवणारे डॅनियल वॉन यांनी पुढे अनेक वर्षे चाहत्यांचा अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षाचे सार असे की संघाशी असलेली जवळीक आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध आहे, पण तो मुख्यतः स्थानिक संघाच्या बाबतीत दिसतो. संघ वारंवार जिंकतो की हरतो हा मुद्दा त्यात गौण आहे. दूरच्या नामांकित संघाचा चाहता असण्याने तसा फायदा दिसला नाही. याचा अर्थ सरळ आहे. मध्यरात्री एकट्याने इंग्लंडमधल्या क्लबचा सामना पाहणाऱ्याला खेळ उत्तम दिसेल, पण दुसऱ्या दिवशी रिक्षात, बाजारात किंवा इमारतीच्या लिफ्टमध्ये त्याबद्दल बोलणारे कोणी भेटेलच असे नाही. जवळच्या संघाचे चाहते जवळच राहतात.

अंधेरीत ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ नावाचा चाहत्यांचा गट संपूर्ण ९० मिनिटे उभा राहून ढोल वाजवतो आणि गातो. त्यांच्यात उभे राहण्याचे माझे वय नाही, पण समोरच्या बाजूला बसूनही त्या तालावर टाळ्या वाजतातच. करोनाच्या काळात हे सगळे थांबले होते. २०२०-२१ चा हंगाम पूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना झाला आणि नेमके तेव्हाच, १३ मार्च २०२१ रोजी, मुंबईने मोहन बागानला २-१ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामना आम्ही घरी पाहिला. आनंद झाला, पण तो वाटायला शेजारी कोणी नव्हते. २०२२ मध्ये अंधेरीत प्रेक्षक परतले, तेव्हा साध्या साखळी सामन्यालाही त्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त मजा आली.

हृदयाची बाजू

आता दुसरी बाजू. कॅनडातील माँट्रिअल शहरात २० निरोगी प्रौढांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र लावून त्यांना आइस हॉकीचे सामने पाहायला लावले. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीव्हीवर सामना पाहणाऱ्यांची नाडी सरासरी ७५ टक्क्यांनी वाढली आणि प्रत्यक्ष मैदानावर पाहणाऱ्यांची ११० टक्क्यांनी. म्हणजे बसल्या जागी ७० असलेली नाडी १४५ च्या पुढे जाऊ शकते. जिना चढून आल्यावर व्हावी तशी धडधड खुर्चीत बसून होते.

निरोगी हृदयाला ही वाढ सोसते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याची गोष्ट निराळी. उत्तेजनाच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रक्तवाहिनीतला चरबीचा थर अशा वेळी फुटला, तर त्यावर गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येतो.

हे नुसते तर्क नाहीत. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचे सामने असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीपेक्षा २.६६ पट झाल्या. पुरुषांत हे प्रमाण ३.२६ पट आणि स्त्रियांत १.८२ पट होते. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत घडल्या. त्या दिवसांच्या रुग्णांपैकी ४७ टक्के लोकांना आधीपासून हृदयविकार होता. ३० जून १९९८ रोजी इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमधील रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण २५ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी १२ जुलैला फ्रान्सने विश्वचषक जिंकला, त्या दिवशी मात्र फ्रान्समधील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू नेहमीपेक्षा कमी होते.

यावरून सामने पाहू नयेत असा अर्थ काढू नका. हे सगळे राष्ट्रीय संघाचे, विश्वचषकाच्या तणावाचे प्रसंग आहेत. एरवीच्या साखळी सामन्यात इतके पणाला लागलेले नसते. उशिरा चाहता होणाऱ्याला माझ्या मते आणखी एक सोय आहे. आठव्या वर्षापासून जपलेले दुःख त्याच्यापाशी नसते, त्यामुळे पराभव त्याच्या जिवाला तितका लागत नाही. ही सोय त्याने टिकवावी.

जाण्यापूर्वी

मागील काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, किंवा दोन जिने चढल्यावर छातीत दडपण येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या त्या दिवशी चुकवू नका. जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर ती चिठ्ठीसह खिशात ठेवा, पिशवीत नको. प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात आणि पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, म्हणून आत पोहोचल्यावर आधी पाण्याची सोय कुठे आहे ते बघून घ्या.

मधुमेहींनी वेळेचा हिशेब करावा. संध्याकाळी साडेसातचा सामना संपून घरी पोहोचेपर्यंत साडेदहा-अकरा होतात. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम उतरू शकते. निघण्यापूर्वी पोळी-भाजी खाऊन घ्या आणि ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखर जवळ ठेवा. घाम, थरथर, डोके हलके होणे ही लक्षणे सामन्याच्या उत्साहात दुर्लक्षिली जातात. मैदानावरचे वडे-समोसे दर वेळी खाल्लेच पाहिजेत असे नाही.

तिकीट काढताना खालच्या रांगेतली आणि कडेची खुर्ची घ्या. गुडघ्यांना ती बरी. प्रोस्टेटच्या त्रासामुळे वारंवार उठावे लागणाऱ्यांनाही तीच बरी. ढोलांच्या अगदी जवळ बसू नका. १०० डेसिबलचा आवाज १५ मिनिटांहून जास्त सतत ऐकणे कानाला धोक्याचे मानतात. घरी आल्यावरही कान वाजत असतील, तर पुढच्या वेळी जागा बदला किंवा कानात बोळे घाला. सामना संपल्यावर दहा मिनिटे बसून राहा, गर्दी ओसरू द्या, मग सावकाश निघा.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, दम लागणे यांपैकी काही झाले, तर अंतिम शिट्टीची वाट पाहू नका. लगेच स्वयंसेवकाला सांगा, १०८ ला फोन करा. शेजारचा माणूस कोसळला, प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानातच कोसळला. छातीवर ताबडतोब दिलेला दाब आणि विजेचा झटका यांमुळे तो वाचला. ही पद्धत शिकून घेणे प्रत्येक प्रेक्षकाच्या हिताचे आहे.

फुटबॉलच हवा असे नाही

ज्याला फुटबॉल रुचत नाही, त्याने दुसरे मैदान शोधावे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डीचा पहिला सामना मुंबईतच झाला आणि हुतूतू खेळत मोठी झालेली पिढी पुन्हा प्रेक्षक झाली. थंडीत उपनगरांतल्या मंडळांचे कबड्डी सामने मोकळ्या मैदानावर, फुकटात पाहता येतात. १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगचे सामने पावसाळ्यात मैदानांवर होतात, तिथेही तिकीट नसते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही राहत असलात तरी शाळा-कॉलेजांचे सामने जवळपास होतच असतात. इंग्लंडच्या अभ्यासात हौशी सामने धरले होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फायदा तिकिटाच्या किमतीवर अवलंबून नाही, एकच संघ धरून पुन्हा पुन्हा जाण्यावर आहे. एकदा गेलात तर ती सहल होते. पाचव्यांदा गेलात की शेजारचा माणूस तुम्हाला ओळखू लागतो आणि सहाव्यांदा नाही गेलात तर तो विचारतो.

सामना पाहणे हा व्यायाम नव्हे. रोजचे अर्धा तास चालणे त्याने चुकत नाही आणि औषधे कमी होत नाहीत. त्या दोन्हींच्या जोडीला मात्र हे जरूर असावे. घरातल्या तरुणांनी यात पुढाकार घ्यायला हवा. आई-वडिलांसाठी रक्त तपासणीची वेळ ठरवता, तशीच एखाद्या सामन्याची तारीख ठरवा. पहिल्या वेळी सोबत जा, नियम समजावून सांगा. विशेषतः आईला विचारा, कारण ‘तुला कोणता खेळ आवडतो?’ हा प्रश्न तिला बहुधा कोणी विचारलेलाच नसतो.